मालकंसातला पंचम

माझ्या उजव्या कानात एक सूर वस्तीला आला आहे. सुरुवातीला मला वाटलं, शेजारच्यांचा पाण्याचा पंप असेल. मग वाटलं, फ्रिज. एका दुपारी मी फ्रिजचं बटण बंद करून ऐकत बसलो, पुन्हा चालू करायचं विसरलो आणि दूध नासलं. बायकोची बोलणी खाल्ली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आवाज घरात नाही, माझ्यात आहे.

इतर लोक ‘कानात शिट्टी वाजते’ म्हणतात आणि मोकळे होतात. मी पडलो संगीत शिक्षक. मला तेवढ्यावर भागेना. मी हार्मोनियम काढून बसलो आणि हा सूर कोणता ते शोधलं. पेटीवरची काळी दोन पट्टी, पार वरच्या टोकाची, किंचित चढी. शोध लागल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, उलट झालं. नाव कळलेला पाहुणा जास्त छळतो.

अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांनी मला बंद खोलीत बसवून तपासलं आणि एक आलेख काढून हातात दिला. त्यातली रेघ डावीकडून शहाण्यासारखी सरळ येत होती आणि उजवीकडे एकदम खाली घसरत होती. “बारीक आवाज जात चाललेत. नस आहे ती, पुन्हा सुधारत नाही,” ते म्हणाले. “मशीन लावा.” मशीन लावून गंधार बरोबर ऐकू येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “बोलणं चांगलं ऐकू येईल.” लोकांचं बोलणं ऐकायची मला तशी फारशी हौस नाही. मी मशीन घेतलं नाही.

खामगावच्या एका शाळेत मी नोकरीभर संगीत शिकवलं आणि संध्याकाळी गाणाऱ्यांना साथ केली. नाव मोठं झालं नाही. पण गावात कुणाची पेटी सुरात आहे की नाही, भजनी मंडळाची वीणा लागली की नाही, हे ठरवायची वेळ आली की माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवली की विषय संपला. एवढीच माझी कमाई, आणि आता तीच हातची जाते की काय अशी मला धास्ती लागली होती. ही धास्ती फक्त बायकोला माहीत होती. ती म्हणायची, “तुमी वाजवत राहा. मले तं सगळे सूर सारखेच वाटतात.” आमचा संसार टिकला तो बहुतेक याच गुणामुळे.

त्याच सुमारास आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी ऑर्गन दुरुस्त करायचा घाट घातला.

ऑर्गन म्हणजे पायानं भाता हलवायची मोठी पेटी. जुन्या संगीत नाटकांत ती रंगमंचापुढे असायची. हवेचं काम पाय करतात, त्यामुळे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. आमच्या वाचनालयातला ऑर्गन एका फिरत्या नाटक कंपनीचा. कंपनी खामगावात आली, तिनं नाटकं केली, आणि जाताना हे धूड गाडीत मावेना म्हणून ‘पुढच्या खेपेला नेऊ’ असं सांगून गेली. पुढची खेप झालीच नाही. तेव्हापासून तो सभागृहाच्या कोपऱ्यात उभा होता. त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे राहिले, गणपतीची मखरं राहिली, एक मांजर चार वेळा व्यायली.

पण वाद्य साधं नव्हतं. आत सुरांचे वेगवेगळे संच होते आणि समोर ओढायचे खटके. एक खटका ओढला की बासरीसारखा आवाज, दुसरा ओढला की सनईसारखा, तिसऱ्यानं मागे कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असं वाटायचं. गुडघ्यानं एक दांडी बाजूला रेटली की सगळे एकदम गर्जायचे. मी लहानपणी वडिलांबरोबर वाचनालयात आलो की चोरून त्या पट्ट्यांवर बोटं फिरवायचो. आवाज यायचा नाही, धूळ यायची.

दुरुस्तीचं काम मिस्त्रीनं घेतलं. मिस्त्री म्हणजे माझा जुना दोस्त. बँडवाल्यांची वाद्यं आणि भजनी मंडळांच्या पेट्या तो दुरुस्त करतो. कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या अब्बांपासूनचं दुकान आहे. नम्रता त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ऑर्गनची मागची फळी उघडल्या उघडल्या त्यानं जाहीर केलं, “मास्तर, असा बाजा पुऱ्या वऱ्हाडात कोनी खोलला नसन. ये मेरे ही नसीब में था.” आत उंदरांनी संसार थाटला होता. भात्याचं चामडं पापडासारखं मोडत होतं. पोळ्याला काम सुरू झालं ते होळीपर्यंत चाललं, आणि या काळात आम्ही दोघं इतके भांडलो की त्याच्या दुकानात चहा आणणाऱ्यानं आमचे कप लांब लांब ठेवायला सुरुवात केली.

सूर लावायचं काम माझं होतं. खालची आणि मधली सप्तकं मी कानानं लावली आणि ती झक्क लागली. वरचं सप्तक आलं तेव्हा मात्र माझ्या कानातला भाडेकरू मध्ये मध्ये बोलू लागला. मी मोबाइलवरचा सुराचा काटा पाहिला आणि मिस्त्रीला म्हणालो, वरच्या पट्ट्यांचं एवढं कौतुक नाही, आपल्या गाण्यात तिथवर कोण जातं? तो म्हणाला, “बरोबर.” काटा मध्यावर थांबला आणि काम निभावलं.

आता कार्यक्रम. मी अध्यक्षांना सांगितलं, नुसतं उद्घाटन नको. ऑर्गन काय काय बोलू शकतो ते लोकांना ऐकू दे. यमन, जुन्या नाटकातली पदं, अभंग, एखादी विलायती रचनासुद्धा, आणि उत्तरार्धात मालकंस. गायला माझी विद्यार्थिनी. ही वरवट बकालजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिच्या गावच्या विहारात बुद्धवंदना चालली असताना मी रस्त्यावरून जात होतो, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि सायकल थांबवून उभा राहिलो. तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर दर रविवारी एसटीनं खामगावला येऊन ती शिकली. लग्न झालं, मूल झालं, रविवार चुकला नाही. वाचनालयाच्या सभागृहात गायला मात्र तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. ‘पुढे बघू’ असं म्हणायचे. या वेळी मी अध्यक्षांपुढे अटच घातली.

आणि मनाशी मी आणखी एक ठरवलं होतं, ते कुणालाच सांगितलं नाही. हा कार्यक्रम माझ्या कानाची परीक्षा. नीट पार पडला तर वाजवत राहायचं. कुठे एक सूर जरी मला कळला नाही, तर झाकण लावायचं आणि घरी बसायचं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. ऑर्गनला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजा होणार हे मला माहीत होतं आणि माझी हरकत नव्हती. पायांनी तुडवून वाजवायचं वाद्य आहे, आधी त्याला नमस्कार केलेला बरा. पण अध्यक्ष हळव्या मनाचे गृहस्थ. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “इतकी वर्षं हे लेकरू कोपऱ्यात पडून होतं. आज ते नांदायले येऊन राह्यलं. आज याचं लग्नच समजा!” दारात प्रत्येकाच्या हातात काहीतरी चिमूटभर दिलं जात होतं ते काय, हे मला तेव्हा कळलं. अध्यक्षांनी “शुभ मंगल” म्हटलं आणि सगळ्या सभागृहानं उठून ऑर्गनवर अक्षता टाकल्या.

कुंकवात भिजवलेले तांदूळ. होळीपर्यंत खपून स्वच्छ केलेल्या, उघड्या झाकणाच्या वाद्यावर. मिस्त्री विंगेतून ओरडत धावला आणि गळ्यातला रुमाल त्यानं पट्ट्यांवर पसरला, पण तोवर वऱ्हाडी मंडळींनी दुसरी मूठसुद्धा टाकली होती. लोक हसत होते. एका आजींनी माझ्या डोक्यावरही चार दाणे टाकले. मिस्त्रीनं ब्रशनं जेवढं झाडता आलं तेवढं झाडलं, पुटपुटत, ते काय पुटपुटला ते लिहिण्यासारखं नाही. मग तो म्हणाला, “बजाओ मास्तर, अल्ला मालिक.”

मी पाय मारले आणि यमन सुरू केला. काय सांगू! त्या पेटीचा आवाज असा भरून आला की मला स्वतःचाच विसर पडला. माझ्या विद्यार्थिनीनंही गाण्यात जीव ओतला. मग पदं झाली. जुनी मंडळी मांडीवर ताल धरत होती. माझा कान शहाण्यासारखा वागत होता, म्हणजे भाडेकरू होता, पण आपल्या खोलीत होता. मला वाटायला लागलं की डॉक्टरांना काय कळतंय!

अभंगाच्या आधी मी विलायती रचना घेतली. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातल्या एका बाईंकडून मी ती शिकलो होतो. त्यांच्या देवळात वाजवतात तसली, संथ, दोन हातांनी दोन वेगळ्या चाली एकाच वेळी चालवायच्या. आमच्या लोकांना हे दोन सासवा एकदम बोलल्यासारखं वाटतं. तरी त्यांनी शांतपणे ऐकलं. ती रचना शेवटी चढत चढत अगदी वरच्या टोकाला जाते, आपलं गाणं जिथे कधी फिरकत नाही अशा पट्ट्यांवर. मी तिथे गेलो, परत आलो, लोकांनी भरपूर टाळ्या दिल्या. अध्यक्ष किंचित रडले.

टाळ्या थांबल्या. मी अभंगासाठी पाय मारायला सुरुवात केली आणि मला तो ऐकू आला. काळी दोन, वरची. बारीक, तीक्ष्ण, न हलणारा.

तो रोज येतो तसाच आला होता, फक्त आज मोठा होता. अभंग मी वाजवला कसा ते मला आठवत नाही. अभंग निभावला त्याचं कारण वेगळंच होतं, ते मला मागाहून कळलं. माझी विद्यार्थिनी काळी चार धरून गाते, आणि काळी चारला षड्ज धरला की काळी दोन हा पंचम. पंचम म्हणजे घरचाच माणूस. तो मागे वाजत राहिला तरी अभंगाला काही बाधा येत नाही.

मध्यंतर झालं. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. लोक चहा पीत होते. मी कान देऊन ऐकलं, तर तिथेही तो होता. ऑर्गन आत, मी बाहेर, आणि सूर माझ्याबरोबर. म्हणजे निकाल लागला. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “काऊन असे पांढरे पडले?” मी म्हणालो, काही नाही, गरम होतंय. मनाशी म्हटलं, आता निदान पोरीचं गाणं बिघडवायचं नाही. कानात काय वाजायचं ते वाजो, आपण हाताच्या सवयीवर जायचं.

मालकंसात पंचम लागत नाही. ज्यांना गाण्यातलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की त्या रागात पंचमाला बंदीच आहे. तंबोरासुद्धा पंचमाचा चालत नाही, मध्यमाला उतरवून घ्यावा लागतो. तो मी मध्यंतरात उतरवून दिला होता. तिनं डोळे मिटले आणि पहिला षड्ज लावला. छान लागला. मी मागून हळूच भरत गेलो. माझ्या कानात पंचम ठणकत होता आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

दोन-चार आवर्तनं झाली असतील. ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. मला वाटलं, सभागृह पाहून घाबरली, धीर हवाय. मी हसलो. मान डोलावली. मोठ्या मनानं, गुरूनं डोलवावी तशी.

ती पुढे गायला लागली. पण आवाज आता घट्ट धरलेला होता, काचेवरून चालावं तसा. मध्यमावर ती थांबेना, धैवतावर टिकेना. दोनदा सूर खरोखरच सुटला. द्रुत बंदिश तिनं अर्ध्यावर आटपली, तराणा घेतलाच नाही, आणि माझ्याकडे न बघता एकदम भैरवी सुरू केली. भैरवी बरी झाली. लोक उठले. पहिल्या रांगेतले एक वकील बाहेर पडताना म्हणाले, “बाई मालकंसात पंचम घेऊन राह्यल्या होत्या की काय?” त्यांच्या मागचा कोणीतरी म्हणाला, “विहारातलं गाणं येगळं आन् हे येगळं.” हे तिनं ऐकलं. मीही ऐकलं. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

सभागृहात खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. ती तंबोऱ्याला गवसणी घालत होती. खाली मान घालूनच म्हणाली, “सर, तुमाले माहीत होतं ना?”

“काय माहीत होतं?”

“पेटीतला पंचम बोलून राह्यला होता. त्या इंग्रजी गान्यापासून. माइक तं त्याच्याच तोंडाशी होता. मी वळून पाह्यलं तं तुमी हसले. मले वाटलं, सरले समजलं हाय, सर म्हनतात चालू दे. म्हनून मी गात राह्यली.”

पेटीतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. पेटीतला! माझ्यातला नाही! माझा कान ठीक आहे, बिघडली ती पेटी! मी मोठ्यानं हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी वेड्यासारखा हसत होतो, आणि मिस्त्रीला हाका मारत होतो.

मिस्त्री मागच्या पायऱ्यांवर विडी ओढत बसला होता. आला तो चेहरा पाडून. “मले बी ऐकू आला, मास्तर. वाटलं की माझंच काम फसलं. आता या लोकाईले काय तोंड दाखवू, म्हनून बाहेर निंगून गेलो.” एवढा फुशारक्या मारणारा माणूस, पण इतका पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, आधी उघड तर खरं.

त्यानं वरच्या टोकाच्या पट्ट्यांवर टॉर्च मारला. काळी दोन आपल्या शेजारणीपेक्षा केसभर खाली होती. फटीत तांदळाचा दाणा बसला होता, कुंकवानं लाल. ओला असताना आत गेला, मी पट्टी दाबली तेव्हा खाली सरकला आणि तिथेच फुगून घट्ट झाला. पट्टी पुरती वर येईना, म्हणून आतली हवेची झडप पुरती मिटेना. पाय मारले की तो सूर आपोआप बोलायचा. मिस्त्रीचा चेहरा उजळला. त्यानं अध्यक्षांच्या तोंडावर त्या लग्नाचा, वराचा आणि सगळ्या वऱ्हाडाचा उद्धार केला. अध्यक्ष बिचारे हात जोडून उभे. “माझं चुकलं, मिस्त्री. भावनेच्या भरात झालं.” टोचा घालून मिस्त्रीनं दाणा बाहेर काढला आणि पट्टी टुणकन वर आली.

“मारा पाय, मास्तर.”

मी पाय मारले. सगळे ऐकत उभे राहिले.

“गेला,” मिस्त्री म्हणाला.

“हाय,” मी म्हणालो.

“कुठं हाय? साफ गेला.”

“अजून एखादा दाना असन आत. नीट खोल.”

त्यानं शेजारच्या दोन पट्ट्या काढल्या, फुंकर मारली, ब्रश फिरवला, पुन्हा बसवल्या. मी पुन्हा पाय मारले. तो होताच. तसाच, बारीक, तीक्ष्ण. अध्यक्ष चाचरत म्हणाले, “नाई मास्तर, आता तं काहीच नाई.” मला राग आला. ज्यांना यमन आणि भूप यांतला फरक कळत नाही ते मला सूर आहे की नाही हे सांगणार! मी स्टुलावरून मागे वळलो आणि मिस्त्रीवर खेकसलो. “तुयं काम झाकू नको. मले ऐकू येऊन राह्यलं. चक्क वाजून राह्यला तो. वरचीच काळी दोन. बहिरा हायेस का बे तू?”

मिस्त्री माझ्याशी वीस गोष्टींवरून भांडला असता. तो भांडला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. खुर्च्या उचलणारेही थांबले होते.

बायको माझी शाल घ्यायला स्टेजवर आली होती. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “अहो, तुमचे पाय तं कवाचे खाली हायेत.”

मी पाहिलं. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते, चपलांच्या शेजारी. भाता रिकामा होता. पेटीत हवा नव्हती. ती बोलूच शकत नव्हती.

आणि सूर चालूच होता.

मला भीती वाटली, म्हणजे काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. अंधारात जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं काहीतरी. कान गेला तर गेला, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं होतं. पण माझा कान मला खोटं बोलेल आणि मी त्याची बाजू घेऊन चार माणसांसमोर भांडेन, हे मी धरलंच नव्हतं. झाकण लावावं आणि उठावं, असं मनात आलं. हात झाकणाकडे गेलाही.

मग मी सांगून टाकलं. फार काही नाही. म्हणालो, मिस्त्री, तुझं काम चोख आहे. माझ्या कानातच हा सूर असतो, बऱ्याच दिवसांपासून. पेटीतला कुठला आणि माझा कुठला, हे आज मला कळलं नाही. आणि तिच्याकडे बघून म्हणालो, “बेसूर तू नव्हतीस, पोरी. मी हसलो ते मले काही समजलं नव्हतं म्हनून. उद्या मी त्या वकिलाच्या घरी जाऊन सांगतो.” अध्यक्ष म्हणाले, मीच सांगीन, सगळ्यांना सांगीन. ते पुन्हा डोळे पुसत होते, पण या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

तिनं तंबोरा भिंतीला टेकवला, एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली आणि बसली. मला वाटलं, समजूत घालणार. समजूत मला सोसत नाही. तिनं समजूत घातली नाही. ती म्हणाली, “सर, सारी पेटी एकदा तपासून घ्या लागन. मधी आनखी कुठं दाना राह्यला असन तं? तुमी पाय मारा. मी ऐकतो.”

आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात, ‘मी ऐकतो’, ‘मी जातो’. पहिल्या रविवारी मी तिला यावरून चिडवलं होतं. आज चिडवायचं सुचलं नाही. मी पाय वर घेतले.

तिनं सगळ्यात खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. एक पट्टी दाबायची, थांबायची, मान हलवायची, पुढची. मिस्त्री टॉर्च धरून उभा होता. खालचं सप्तक गेलं, मधलं गेलं. ते सूर मला ऐकू येत होते आणि चांगले लागले होते, माझ्याच हातचे. मला जरा धीर आला. मी पाय एका लयीत ठेवले. वरच्या सप्तकात ती आणखी सावकाश जाऊ लागली. काळी दोनवर ती बराच वेळ थांबली, बोट उचललं, पुन्हा दाबलं, आणि मान हलवली. मिस्त्रीनं सुटकेचा श्वास सोडला.

शेवटच्या पट्ट्या राहिल्या. तिचं बोट खाली जाताना मला दिसत होतं. लाकडावर लाकूड टेकल्याचा टप् असा आवाज येत होता, आणि त्याच्या पुढे काही नव्हतं. पुढची पट्टी, टप्. त्याच्या पुढची, टप्. मी पाय जोरात मारले, हवा कमी पडते असं वाटून. हवा भरपूर होती. ती मान हलवत पुढे सरकली, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत गेली, ती दाबून धरली आणि माझ्याकडे वळली.

“बरोबर हाय ना, सर?”

“तू म्हनतं तं बरोबरच असन,” मी म्हणालो.